बाणमास्तरांचे दोन ठिपके

आमच्या बाणमास्तरांच्या बोटांना चैन नव्हती. कागद असला तर कागदावर, नसला तर बसच्या तिकिटावर आणि तिकीटही नसलं तर चपलेच्या टोकानं मातीत ते ठिपके काढत आणि एका ठिपक्यापासून दुसऱ्याकडे बाण ओढत. आमच्या गोठ्याच्या भिंतीला थापलेल्या ओल्या शेणीसुद्धा त्यांनी सोडल्या नाहीत. काडी उचलायची आणि बोलता बोलता शेणीत टोचायला लागायचं. वाळलेल्या शेणीवर बाण दिसला की आमची मंडळी मला विचारायची, "ही चुलीत घालू, का मास्तरांना दाखवायची हाय?"

त्यांना वेडा म्हणणारी माणसं आमच्या कंग्राळी गावात पुष्कळ होती, बेळगावात त्याहून जास्त. त्यातली निम्मी आता राहिली नाहीत. त्यांच्याशी माझं भांडण संपलं. उरलेली निम्मी चष्मे लावून रोज पेपर वाचतात. त्यांनी हेही वाचावं म्हणून लिहितोय. माझी शाळा दुसरीपर्यंत. अक्षर वाकडं असेल, मजकूर वाकडा नाही.

मास्तर निपाणीचे, बौद्ध घरातले. वडील लवकर गेले. आई तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला जायची, त्यावर मुलगा एम.एस्सी. झाला. बेळगावच्या एका कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे, पण नोकरी कायम नव्हती. दर जूनला नेमणुकीचा नवा कागद आला तर ते वर्षभर मास्तर, नाही आला तर कोणी नाही. कायम व्हायचं तर पीएच.डी. करा, असं त्यांना सांगितलेलं होतं. एवढं ध्यानात ठेवा, कारण सगळा घोळ पुढं तिथंच झाला.

आमची ओळख दिवाळीच्या पाडव्याची. आमच्याकडे त्या दिवशी म्हशी सजवून पळवतात. शिंगं तासून रंगवायची, मोरपिसं बांधायची, गळ्यात कवड्यांचा पट्टा घालायचा आणि मालकानं पुढं पळत हाळी द्यायची. दावं नसताना नुसत्या आवाजावर म्हैस मागं येते. ज्याची येत नाही त्याची वर्षभर चेष्टा. आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील. त्या पाडव्याला माझी म्हैस तानी वाजंत्र्यांच्या गर्दीत मध्येच थांबली आणि तिनं डोकं खाली घातलं. मी हसत उभा राहिलो. थोड्या वेळानं तिनं परत डोकं खाली घातलं, तसे मी दोन्ही हातांनी लोक मागं ढकलले आणि तिला हाक मारली. तिनं मान वळवली आणि माझ्या मागं चालायला लागली. घडलं एवढंच. बघणारं अख्खं गाव होतं, पण प्रश्न पडला एकाच माणसाला. चष्मेवाला, किडकिडीत, खिशाला दोन पेनं लावलेला तो माणूस घामाघूम होऊन माझ्यापाशी आला.

"आप्पा, दोन्ही वेळा तिनं डोकंच खाली घातलं. मग दुसऱ्यांदाच लोकांना का ढकललंत?"

"पयल्यांदा हुंगली. दुसऱ्यांदा फुंकली."

"फरक कसा कळतो?"

"कसा म्हंजे? हुंगली तर वारं आत जातं, फुंकली तर भाईर येतं. फुंकली की ती मारायच्या इचारात हाय. तुमाला दिसत न्हाय व्हय?"

"नाही दिसत," ते म्हणाले. "शिकवाल?"

शिकलेल्या माणसानं मला 'शिकवाल' असं त्याआधी कधी विचारलं नव्हतं. नंतरही कोणी विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते सायकल मारत आमच्या गोठ्यामागच्या पडीक रानात यायला लागले. त्यांचं काम असं होतं. म्हैस चरते, थांबते, हुंगते, पाणी पिते, अंग घासते, बसते, रवंथ करते. अशा एकेका गोष्टीला एकेक ठिपका. चरून झाल्यावर हुंगलं, की चरण्याच्या ठिपक्यापासून हुंगण्याच्या ठिपक्याकडे बाण. परत तसंच झालं, की त्याच बाणावर आणखी एक रेघ. महिन्या-दोन महिन्यांनी काही बाण केसाएवढे राहतात, काही दाव्याएवढे जाड होतात आणि म्हशीचा सगळा स्वभाव एका कागदावर जाळ्यासारखा दिसायला लागतो. कॉलेजात ह्याला ग्राफ थिअरी म्हणतात. मी जाळं म्हणायचो. मास्तर म्हणायचे, "जाळंच म्हणा आप्पा. तेच बरोबर आहे."

"पण ह्याचा उपेग काय?" मी एकदा विचारलं.

त्यांनी मातीत तीन ठिपके काढले. "निपाणीहून खानापूरला जायचं तर कुठनं जाल?"

"बेळगाववरनं."

त्यांनी मधला ठिपका चपलेनं पुसला. "आता जा."

"आता कसा जाणार? घरात बसणार!"

"म्हशीचंही तसंच असतं. काही ठिपके बेळगावसारखे असतात. त्यांना टाळून पुढं जाताच येत नाही. आपण तो ठिपका शोधायचा. सापडला की जनावर पुढं काय करणार ते आधी कळतं."

दुसरी शिकलेल्या माणसाला हे रानात उभ्या उभ्या कळलं. एका मोठ्या साहेबाला पंख्याखाली बसून कळलं नाही. त्याच्याकडे येतोच आहे.

मास्तर कॉलेजात असतील त्या वेळात बघायचं काम माझ्याकडे होतं. मला तेव्हा सहीपुरतंच लिहिता यायचं, म्हणून त्यांनी युक्ती काढली. पोतं अंथरायचं आणि तानी जे करेल त्याचं बी ओळीनं मांडत जायचं. चरली की मक्याचा दाणा, हुंगली की चिंचोका, फुंकली की एरंडाची बी, बसली की खडा. आल्यावर ते ती ओळ वाचून वहीत उतरवत. असं वाचायचे जसं काही मी पत्रच लिहिलंय. शेजारचा आण्णू कुंपणावरून ओरडायचा, "आप्पा, म्हशीची पत्रिका मांडलीस व्हय रं? लगीन कधी काढलंयस?" मी त्याला काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एकदा मी विडी पेटवायला वळलो, तेवढ्यात आमच्या कोंबडीनं ओळीतले मक्याचे दाणे वेचून खाल्ले. दुपारभराचं सगळं चरणं तिच्या पोटात गेलं. आता ओळीत तानी हुंगत होती, बसत होती, पण चरतच नव्हती. मी काय केलं? तानी माझ्या हातानं वाढलेली. ती कशानंतर काय करते हे मला झोपेतून उठवून विचारा. मी आठवून आठवून दाणे परत मांडले, अगदी नीट. मास्तरांनी ओळ उतरवून घेतली. चार दिवसांनी वही घेऊन आले.

"आप्पा, मंगळवारची तानी वेगळी आहे. बाकीच्या दिवशी चरता चरता थांबते, मागं बघते, उगीच शिंग घासते, परत चरते. मंगळवारी एकदाही वाट सोडली नाही. मंगळवारी तिनं एवढं शहाण्यासारखं वागायचं कारण काय?"

मी कोंबडीचं सांगितलं. ते हसले, चष्मा काढून डोळे पुसण्याइतके हसले. मग हळूच विचारलं, "आणि कधी मांडलेत असे दाणे?" मांडले होते. एक-दोनदा नजर चुकली तेव्हा मांडले होते. त्यांनी माझ्यासमोर आठ दिवसांच्या पानांवर काट मारली. माझं टाळकं फिरलं.

"माझी म्हस मला म्हाईत न्हाय व्हय? मी काय खोटं मांडलं?"

"माहीत आहे, म्हणून तर तुम्ही बघत नाही," ते म्हणाले. "माहीत असणं आणि बघणं ही दोन वेगळी कामं आहेत, आप्पा. मला तुमचं बघणं पाहिजे."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी गुपचूप पोत्याच्या कडेनं काट्या लावल्या, कोंबडी येऊ नये म्हणून. त्यानंतर विडीही सोडली, निदान तानी चरत असताना तरी.

हे एवढ्यासाठी सांगतोय, की मास्तर गावंढळ माणसाच्या तोंडाकडे बघून माना डोलवणारे होते असं कोणी समजू नये. हुंगणं आणि फुंकणं वेगळं, हे मी सांगितलं म्हणून त्यांनी मानलं नाही. त्यांनी चुलीतली राख वस्त्रगाळ केली आणि तानीच्या तोंडापुढं पसरली. एका बाजूला ते बसले, दुसऱ्या बाजूला मी. बोलायचं नाही, खूण करायची नाही. तानीचं डोकं खाली गेलं की राख हलली का नाही ते ज्यानं त्यानं आपल्यापुरतं टिपायचं, त्यांनी वहीत, मी पोत्यावर. हुंगली तर राख जागच्या जागी. फुंकली तर नाकापुढं वाटीएवढी जागा उघडी पडून खालची माती दिसायची. सबंध थंडी आम्ही हे केलं. त्यांची वही आणि माझं पोतं ताडून बघितलं तेव्हा फरक नखाएवढाही निघाला नाही. तेव्हाच त्यांनी कागदावर एका ठिपक्याचे दोन केले.

आणि दोन केल्याबरोबर जाळं उलगडलं. 'मारणं' म्हणून जो ठिपका होता, त्यात आत येणारा बाण एकच राहिला, फुंकण्याचा. दुसरीकडून कुठूनही तिथं वाट नव्हती. फुंकण्यापासून निघणारे बाण दोन. एक मारण्याकडे, दुसरा मान वळवण्याकडे. समोरचा माणूस मागं सरला किंवा मी हाक मारली की दुसरा. त्याआधी तानीनं गुरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला उडवलं होतं आणि तेव्हापासून गावभर तिला मारकी म्हणत. मास्तर म्हणाले, "आप्पा, तुमची म्हैस आजवर एकदाही न सांगता मारलेली नाही. ती सांगते. ऐकणारा बहिरा असतो." मी त्या दिवशी तानीला गुळाचा खडा चारला. तिची अब्रू कागदावर आली होती.

आता एक लाजेची गोष्ट लिहितो. आमच्या घरी मास्तरांचा चहाचा कप वेगळा होता. गोठ्याच्या वळचणीला, कोनाड्यात. आमच्या आईनं तो ठेवला होता आणि मी बघून न बघितल्यासारखं केलं होतं. मास्तर वर्षभर त्यातनं प्याले, स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवायचे. एकदा कप हातात घेऊन म्हणाले, "आप्पा, तुम्हाला दोन श्वासांतला फरक दिसतो. घरातले कप आणि हा कप, यांच्यातला फरक मला एकदा दाखवा. मीही शिकेन." आवाज नेहमीसारखाच होता, त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी तो कप उचलला, आत नेला आणि फळीवरच्या कपांत मिसळून टाकला. सगळे एकाच बाजारातले, निळ्या काठाचे. आई ओरडली, "त्यातला कुठला त्यो सांग!" मी म्हटलं, "तूच वळख की." तिला ओळखता येईना. दोन दिवस तिनं चहा घेतला नाही, तिसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागलं तेव्हा मुकाट घेतला. एक आहे तिथं आम्ही दोन करून बसलो होतो. दुसऱ्यांवर चिडायच्या आधी हे लिहायला पाहिजे होतं. आता चिडतो.

मास्तरांच्या पीएच.डी.ला एक गाईड होते. मोठे साहेब. विद्यापीठाच्या गावाला बसायचे. मास्तरांनी चार वर्षांची वह्या-कागदं बांधून त्यांना दिली. ती परत आली तेव्हा दोन ठिपक्यांभोवती लाल पेन्सिलीचं कडं होतं. खाली लिहिलेलं मास्तरांनी मला वाचून दाखवलं. डोकं खाली म्हणजे डोकं खाली, ह्या दोहोंचा एकच ठिपका करावा. एका गुराख्याच्या सांगण्यावर प्रबंध उभा राहत नाही.

पहिली गोष्ट, मी गुराखी नाही. तीन पिढ्या आमच्या दावणीला स्वतःच्या म्हशी आहेत. दुसरी गोष्ट, राखेनं सांगितलं होतं, मी नाही. आणि तिसरी गोष्ट, दोहोंचा एक केला तर काय होतं ते मास्तरांनी मला काढून दाखवलं. चरणं, पिणं, बसणं, सगळीकडनं येऊन हुंगण्याला मिळणारे बाण मग सरळ मारण्यात शिरतात. जाळ्याचा गुंता होतो. त्यातनं अर्थ एकच निघतो, म्हैस कधी मारेल ह्याचा नेम नाही. साहेबांना तेवढंच हवं होतं, कारण त्यांनी स्वतः कुठंतरी आधी तसं लिहून ठेवलं होतं. माझ्या तानीला बेभरवशाची ठरवणारा हा माणूस उभ्या आयुष्यात शेणात पाय घालून उभा राहिलेला नव्हता!

"निपाणी आन सदलगा, दोनी गावं एकच धरा म्हणावं," मी म्हटलं, "आन मग गाडी कुठं जाती ते सांगा."

मास्तर हसले. "हे तुम्हीच येऊन सांगा त्यांना."

ते चेष्टेनं म्हणाले असतील, मी खरंच गेलो. धुतलेला फेटा बांधला आणि पितळेच्या डब्यात वस्त्रगाळ राख घेतली. म्हैस काही गाडीत घालून नेता येत नव्हती. वेळ पडली तर मी स्वतः ओणवा होऊन हुंगून आणि फुंकून दाखवणार होतो. गाडीत मास्तर सारखे खिडकीच्या काचेवर बोट फिरवत होते. मी विचारलं, "भ्या वाटतंय काय?" ते म्हणाले, "आईला सांगून आलोय, आज काम होणार म्हणून."

साहेबांच्या खोलीबाहेर एक बाकडं होतं. शिपाई भला होता. "कुंदर्री, आप्पा," असं कानडीत म्हणून त्यानं मला बसायला जागा दिली, पाणी दिलं. साहेब आले. मास्तर उठून म्हणाले, "सर, हेच आप्पा. फरक ह्यांनी दाखवला." साहेबांनी माझ्या फेट्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं.

"प्रसाद आहे का?"

"राख हाय," मी म्हटलं.

"अंगारा मी घेत नाही," म्हणाले आणि आत गेले. मास्तरांना आत बोलावलं, मला नाही. दार लोटलं तरी वरची झडप उघडी होती, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"एक ठिपका कमी करा," साहेब म्हणत होते. "टाइप करायला दोन दिवस लागतील. परवा मी सही करतो. तुमची नोकरी कायम, तुम्ही सुखी, मी सुखी."

"सर, आपण एकदा कंग्राळीला या. एकच दिवस. आपल्या डोळ्यांनी बघा. नाही पटलं तर मी पुसतो."

"म्हशीचं तोंड बघायला मी येऊ?"

नुसता पंख्याचा आवाज. मी बाकड्यावरनं उठून उभा राहिलो. मला वाटलं आता मास्तर 'बरं' म्हणणार. खरं सांगतो, त्यांनी म्हणावं असंच मला वाटत होतं.

"मग मला दोनच ठेवावे लागतील, सर," मास्तर म्हणाले.

बाहेर आले ते कागदांचा गठ्ठा छातीशी धरून. गाडीत बसेपर्यंत मी दम धरला, मग माझा बांध फुटला. लोक बघत होते तरी मी ओरडलो.

"एक ठिपका, मास्तर! एक ठिपका पुसला असतासा तर काय बिघडत हुतं? तानी काय कोर्टात जानार हुती? माझ्यासारख्या अडाण्याच्या शब्दापाई नोकरी घालवलीसा! आता तुमच्या आईला मी काय तोंड दाखवू?"

त्यांनी शांतपणे गठ्ठा मांडीवर ठेवला. "तुमच्या शब्दासाठी नाही, आप्पा. राख उडालेली मी बघितली होती."

मग गाडी बेळगावात शिरताना म्हणाले, "माझ्या आईला वखारीत पानांचे सात ढीग दिसायचे. मुकादमाला तीनच दिसायचे. तो तिच्या ढिगात पाय घालून सगळी पानं एक करायचा आणि म्हणायचा, पान ते पान, एवढं कशाला निवडत बसलीस. ती खाली बसून परत सात करायची. मी लहान होतो, दारातनं बघायचो. आज मी साहेबांचं ऐकलं असतं तर तो पाय माझा झाला असता."

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आजही येतो. पण आता सांगू शकत नाही की राग नक्की कोणावर येतो.

त्या जूनला कॉलेजचा कागद आला नाही. मास्तर सदलग्याच्या बाजूला एका हायस्कुलात गेले. जायच्या आधी एक काम त्यांनी केलं, मला अक्षरं शिकवली. गोठ्याच्या भिंतीवर, कोळशानं. मी म्हटलं, ह्या वयात कशाला? म्हणाले, "बी कोंबडी खाते. अक्षर नाही खात." पुढं दर पाडव्याला ते कंग्राळीला यायचे, तानीच्या आणि नंतर तिच्या पोरीच्या पुढं पळायचे, फळीवरचा कुठलाही कप घेऊन चहा प्यायचे. तिकडं पोरांना मुंग्या आणि चिमण्यांचे बाण काढायला लावतात, असं सांगायचे. पीएच.डी.चं नाव काढायचे नाहीत. मी काढलं तर चपलेनं मातीत ठिपके काढायला लागायचे.

एका पाडव्याला ते आले नाहीत. चौकशी केली तर कळलं, काविळीनं गेले. महिना होऊन गेला होता. मला कोणी कळवलं नाही, कारण मी त्यांचा कोण, हे कुणाच्याच कागदावर नव्हतं.

मी निपाणीला गेलो. का कोण जाणे, पितळेचा डबा बरोबर घेतला. एक खोली, पुढं पत्र्याचा आडोसा. म्हातारी जमिनीवर बसली होती. बोटं तंबाखूनं तपकिरी झालेली, ती काय धुतल्यानं जाणार? नाव सांगितलं तसं म्हणाली, "कंग्राळीचं आप्पा. म्हशीवालं."

"व्हय, आक्का."

पाणी दिलं. मग तिनं ज्याची मला पाच वर्षं भीती होती तेच विचारलं.

"आप्पा, खरं सांगा. माझं पोरगं कशात कमी पडलं? मला म्हणायचं, आई, माझंच काम अपुरं राहिलं. वखारीतल्या बाया म्हणाल्या, एवढं शिकून माघारी आला, डोकं पोचलं नसंल. मीबी तसंच धरून चाललेय. त्याच्या तोंडावर बोलले न्हाय कधी, पर धरून चाललेय."

माझ्या अंगाची आग झाली. तो माणूस मरेपर्यंत घरात स्वतःलाच कमी म्हणत राहिला, कारण साहेबाचं नाव घेऊन रडणं त्याला जमत नव्हतं! आणि इकडं त्याची आई पोराला ढ समजून बसलेली.

"कमी न्हाय पडला," मी म्हटलं. "जरा सरका, आक्का. दावतो."

डबा उघडला. राख जमिनीवर पसरली, हातानं सारखी केली. फेटा काढून बाजूला ठेवला आणि त्या मोठ्या साहेबापुढं जे करायला गेलो होतो ते निपाणीच्या त्या खोलीत केलं. गुडघ्यावर बसलो, तोंड राखेपाशी नेलं आणि हुंगलं. राख हलली नाही. मग शेजारी तोंड नेलं आणि फुंकलं. राख उडाली, खालची फरशी दिसली.

"म्हस दोनी येळा अशीच खाली वाकती," मी म्हटलं. "लांबनं एकच दिसतं. साहेब म्हणाला, दोनी एकच म्हण, सही करतो. तुमचा ल्योक न्हाय म्हणाला. एवढंच झालं बगा. मी साक्षीला हुतो."

म्हातारी पुढं सरकली. एका जागेकडे बघितलं, दुसऱ्या जागेकडे बघितलं. समजायला तिला किती वेळ लागला असेल? मी तोंडावरची राख पुसेपर्यंत तिचं झालं होतं.

"ही तर दोन हायत."

"व्हय."

"मग एकात कशी घालायची?"

म्हातारी एक इयत्ताही शिकलेली नाही, सही नाही, अंगठा. विद्यापीठाच्या त्या खोलीत चार वर्षं जो प्रश्न कोणी विचारला नाही, तो तिनं पत्र्याखाली बसून विचारला. त्या दिवशी साहेबांच्या खुर्चीत ही बाई असायला पाहिजे होती. मास्तर कायम झाले असते.

"मुकादम असाच म्हणायचा," ती म्हणाली. "पान ते पान." आणि मग, माझ्याकडे न बघता, "माझ्या पोरानं न्हाय ऐकलं म्हणा की."

"न्हाय ऐकलं."

ती रडेल असं मला वाटलं होतं. रडली नाही. बोलत राहिली, तो लहानपणी वखारीच्या दारात कसा उभा राहायचा ते सांगत राहिली. सांगता सांगता तिची ती तपकिरी बोटं जमिनीवरून फिरत होती, राख गोळा करत होती. मी बघत होतो. उडालेली राख एकीकडे, न उडालेली दुसरीकडे. तिला स्वतःलाही पत्ता नव्हता, पण ती दोन ढीग करत होती.

मास्तरांच्या बोटांना चैन का नव्हती, ते मला त्या दिवशी कळलं.